पोराने काय लिहिले, ते आधी विचारा

मंडळी, आज आपण लहान पोरांच्या लिहिण्याविषयी बोलणार आहोत. लहान म्हणजे किती लहान? तीन वर्षांची, चार वर्षांची, पाच-सहा वर्षांची. तुम्ही म्हणाल, "एवढ्याशा पोरांचे लिहिणे ते काय? अजून त्यांना शेंबूड पुसता येत नाही!" आम्हीही आधी असेच म्हणत होतो. पण एका वहीने आमचे डोळे उघडले. त्या वहीची गोष्ट आधी सांगतो.

दुधाची वही

आमच्या रात्रीच्या वर्गाला एक शेतकरी दादा येतात. वय पंचेचाळीसच्या घरात. दारात एक गाय आहे. दूध ते डेअरीला घालतात. पूर्वी दुधाचा आकडा दुसऱ्याने वाचून दाखवायचा आणि दादांनी मान हलवायची, असे चाले. वर्गात आकडे आणि अक्षरे शिकल्यावर त्यांनी घरी स्वतःची वही घातली. आज सकाळी किती लिटर, संध्याकाळी किती लिटर, सगळे स्वतःच्या हाताने लिहू लागले. त्या वहीचा त्यांना मोठा अभिमान. ती देवाच्या फळीवर ठेवायची. कोणी हात लावायचा नाही.

एके दिवशी दादा रानातून घरी आले, तर धाकटी लेक तीच वही उघडून बसलेली. साडेचार वर्षांची पोर. हातात पेन्सिल. बापाच्या आकड्यांखाली तिने पानभर रेघोट्या ओढल्या होत्या. दादांचा हात उठला. पोर भेदरली. पण म्हणाली, "मी बी दूध लिवलं."

दादांचा हात तसाच राहिला. दुसऱ्या रात्री ते वही घेऊन वर्गात आले. "बघा गुरुजी, पोरीनं काय करून ठेवलंय!" सगळा वर्ग हसला. आम्ही वही घेतली आणि कंदिलाजवळ... नव्हे, आता कंदील कुठला, दिव्याखाली धरली. नीट पाहिली. रेघोट्या वेड्यावाकड्या होत्या हे खरे, पण कशाही ओढलेल्या नव्हत्या. त्या ओळीने होत्या. डावीकडून उजवीकडे गेल्या होत्या. प्रत्येक ओळीत आधी एक नागमोडी रेघ, मग थोडी जागा, मग एक गोल. बापाच्या वहीतही तसेच होते. आधी वार, मग जागा, मग आकडा. पोरीने बापाचे लिहिणे रोज पाहिले होते आणि तसेच केले होते.

शेवटची ओळ मात्र निराळी होती. ती आडवी न लिहिता कडेला उभी लिहिली होती. आम्ही दादांना म्हटले, "ही ओळ कसली, ते तिलाच विचारा."

दादा दुसऱ्या रात्री सांगायला आले. पोरीने उत्तर दिले होते, "ह्ये वासरानं पिलेलं दूध. त्ये तुमी लिवतच न्हाई."

आता सांगा. त्या पोरीला एक तरी अक्षर येत होते का? नाही. पण लिहायचे कशासाठी, हे तिला पक्के कळले होते. जे घडले ते कागदावर राहावे म्हणून लिहायचे. जे दुसऱ्याने सोडून दिले, ते आपण टिपायचे. मोठमोठे लेखक याहून निराळे काय करतात?

बापाच्या हातावरची छडी

दादांनी त्या रात्री आणखी एक गोष्ट सांगितली. ते लहानपणी शाळेत जात होते. दुसरी इयत्ता. एकदा त्यांनी पाटीवर एक अक्षर उलटे काढले. त्याबद्दल हातावर छडी बसली आणि पाटी सगळ्या वर्गाला दाखवली गेली. पोरे हसली. दादा दुसऱ्या दिवशी गुरांमागे गेले, ते शाळेत परत आलेच नाहीत. पस्तीस वर्षे त्यांनी हातात पेन्सिल धरली नाही. कुठे सही करायची वेळ आली की अंगठा पुढे.

"आणि काल माझाच हात पोरीवर उठला होता," दादा म्हणाले.

मंडळी, या लेखात सांगायची गोष्ट एवढीच आहे. पोराचे पहिले लिहिणे हे कोवळ्या रोपासारखे असते. त्याला पाणी घालायचे की त्यावर पाय द्यायचा, हे बहुतेक वेळा घरातच ठरते. एक अक्षर उलटे काढल्याने कोणाचे नुकसान होत नाही. पण "मला लिहिता येत नाही, लिहिणे माझे काम नाही," असे एकदा मनात बसले, तर ते काढायला पस्तीस वर्षे लागतात.

लिहिणे म्हणजे दोन कामे

आपण लिहितो, तेव्हा खरे तर दोन कामे करतो. पहिले काम, काय सांगायचे ते मनात जुळवणे. दुसरे काम, ते अक्षरांत उतरवणे. पहिले काम मनाचे, दुसरे हाताचे. आपण पोरांकडे पाहताना नेहमी दुसऱ्या कामाकडेच पाहतो. अक्षर वळणदार आहे का? रेघ सरळ आहे का? काना-मात्रा बरोबर आहे का? पहिल्या कामाची चौकशी कोणी करीत नाही.

पण पहिले काम थोर आहे. याला एक मोठा दाखला आपल्या खानदेशात आहे. बहिणाबाई चौधरी यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. त्या 1880 साली जळगावजवळ असोदे गावी जन्मल्या. शेतकरी घरातल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. पण जात्यावर दळताना, शेतात राबताना त्या ओव्या आणि गाणी रचीत. त्यांचा मुलगा सोपानदेव आणि नात्यातले पितांबर चौधरी यांनी ती गाणी वेळोवेळी उतरून घेतली. बहिणाबाई 1951 साली वारल्या. पुढल्याच वर्षी, 1952 साली, त्या गाण्यांचे पुस्तक निघाले. आचार्य अत्रे यांनी त्याला प्रस्तावना लिहिली. आज शाळेतली पोरे ती गाणी पाठ करतात.

आता विचार करा. ते पुस्तक कोणाचे? बहिणाबाईंचे. अक्षरे कोणी काढली? दुसऱ्यांनी. तरी कवयित्री बहिणाबाईच. घरच्या माणसांनी ते कागदावर उतरवले नसते, तर ती गाणी जात्याच्या घरघरीत विरून गेली असती.

आपल्या पोरांचेही तसेच आहे. पोर दिवसभर बोलत असते. कोंबडीच्या पिलाची गोष्ट सांगते. ओढ्याला पूर आला त्याची गोष्ट सांगते. हे त्याचे पहिले काम झालेच म्हणायचे. दुसरे काम त्याच्या हाताला जमेपर्यंत आपण त्याचा हात व्हायचे. पोराने सांगावे, आपण लिहावे.

रेघोटीपासून अक्षरापर्यंत

पोर एकदम अक्षर काढीत नाही. ते पायरी-पायरीने वर येते. या पायऱ्या आपल्याला ठाऊक असल्या म्हणजे धीर राहतो.

पहिली पायरी, गिरगटणे. हाती कोळसा, खडू, काडी जे लागेल ते घेऊन पोर भिंतीवर, अंगणात, पाटीवर गिरगटते. हात फिरवला की खूण उमटते, याचीच त्याला मौज वाटते.

दुसरी पायरी, लिहिण्याची नक्कल. दुधाच्या वहीतली ती पोर याच पायरीवर होती. रेघा ओळीने येतात. विचारले तर पोर सांगते, "ही चिठ्ठी आहे" किंवा "हे मामाचं नाव आहे." चित्र निराळे आणि लिहिणे निराळे, हे आता त्याला समजू लागले आहे.

तिसरी पायरी, ओळखीची अक्षरे. बहुतेक पोरे आधी स्वतःच्या नावातले अक्षर उचलतात. मग तेच अक्षर जिथे तिथे काढतात. कधी उलटे, कधी आडवे. सहा-सात वर्षांपर्यंत अक्षर उलटे पडणे ही नेहमीची गोष्ट आहे. त्यात पोराचा दोष नाही. तांब्या उलटा ठेवला तरी तांब्याच असतो. मग अक्षर उलटे केले की ते चुकले कसे, हे डोळ्यांना शिकायला वेळ लागतो.

चौथी पायरी, कानाने लिहिणे. पोर शब्द तोंडाने हळूहळू म्हणते आणि जे अक्षर ऐकू येते ते लिहिते. एका सहा वर्षांच्या पोराने असे लिहिले:

मझ गय रनत गल

काय लिहिले असेल? वाचा बरे मोठ्याने. "माझी गाय रानात गेली." पाहा, नऊच्या नऊ अक्षरे बरोबर आहेत. क्रमही बरोबर आहे. राहिले काय? काना, मात्रा आणि वेलांटी. आपल्या मराठीत मूळ अक्षर आधी पकडीत येते, काना-मात्रा मागाहून येतात. यात हसण्यासारखे काय आहे? वर्गात पहिल्या दोन महिन्यांत आपण सगळे असेच लिहीत होतो. आठवा बरे!

पाचवी पायरी, काना-मात्रा, जोडाक्षरे, विरामचिन्हे. ही पायरी शाळेत सावकाश चढायची असते. ती काही वर्षे चालते.

कोणते पोर एका पायरीवर फार दिवस राहते. कोणते दोन पायऱ्या एकदम चढते. शेजारच्या पोराशी तुलना करू नये. एका शेतातली सगळी कणसे एका दिवशी भरत नाहीत.

हात कसा तयार होतो

काही घरी तीन वर्षांच्या पोराला पाटी देऊन अक्षर शंभर वेळा गिरवायला बसवतात. पोर रडते. हात दुखतो. त्या वयात मनगट आणि बोटे अजून कोवळी असतात. पेन्सिल घट्ट धरवत नाही. मग हात तयार कसा करायचा? कामातून आणि खेळातून. शेंगा सोलू द्या. तांदळातले खडे वेचू द्या. पिठाचा गोळा मळू द्या. मातीचे बैल करू द्या. रांगोळीची चिमूट सोडू द्या. ही सगळी लिहिण्याचीच तयारी आहे.

इटली देशात रोम नावाचे शहर आहे. तिथल्या गरीब कामगारांच्या वस्तीत 1907 साली मारिया माँटेसरी या डॉक्टरबाईंनी लहान मुलांसाठी बालघर काढले. त्या मुलांच्या आयांपैकी पुष्कळ जणी निरक्षर होत्या. बाईंनी खरखरीत कागदाची अक्षरे कापून घेतली. मुले त्या अक्षरांवरून बोट फिरवीत आणि त्यांचा उच्चार करीत. हातात खडू नाही, पाटी नाही. नुसते बोट फिरवायचे.

एक दिवस बाई मुलांना घेऊन गच्चीवर बसल्या होत्या. त्यांनी पाच वर्षांच्या एका मुलाला खडू दिला आणि जवळच्या धुराड्याचे चित्र काढायला सांगितले. त्याने फरशीवर चित्र काढले. बाईंनी शाबासकी दिली. त्या शाबासकीने मुलगा असा फुलला की मला लिहिता येते, मला लिहिता येते, म्हणून ओरडलाच! लगेच गुडघ्यावर बसला आणि त्याने फरशीवर शब्द लिहिला, "हात". मग "धुराडे" लिहिले, मग "छप्पर" लिहिले. आपल्या भाषेत, इटालियनमध्ये. ते पाहून दुसरी मुलेही लिहू लागली. ही हकिकत बाईंनी स्वतः लिहून ठेवली आहे.

हीच विद्या आपल्याकडे खेड्यात आणली ती ताराबाई मोडक यांनी. गुजरातेत गिजुभाई बधेका यांच्याबरोबर त्यांनी काम केले आणि 1926 साली नूतन बाल शिक्षण संघ सुरू झाला. पुढे 1945 साली त्या समुद्रकाठच्या बोर्डी गावी आल्या. 1957 साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. हे कोसबाड डहाणू तालुक्यात, आजच्या पालघर जिल्ह्यात आहे. अनुताई वाघ त्यांच्या जोडीला होत्या. वारली आदिवासींची ही वस्ती. विकतचे महाग साहित्य तिथे परवडणारे नव्हते. मग त्यांनी बिया, शिंपले, खडे, पाने, काड्या यांचेच साहित्य केले. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळा मुलांच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. मुले गुरे राखायला जातात, तर शाळा कुरणात नेली. तिला कुरणशाळा म्हणत.

तात्पर्य काय? पोराला लिहिते करायला पैसा लागत नाही. अंगणातल्या खड्यांचा "ग" मांडता येतो. धुळीत काडीने "म" काढता येतो.

घरी काय करावे

आता करण्याच्या गोष्टी सांगतो.

एक. पोराने काही गिरगटून आणले की "हे काय केलंस?" असे दरडावू नका. "काय लिहिलंस? मला वाचून दाखव," असे म्हणा. या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पहिल्यात पोर आरोपी होते. दुसऱ्यात ते लेखक होते. ते जे सांगेल, ते पुरे ऐका.

दोन. रोज नाही, तर आठवड्यातून दोनदा पोराची एक गोष्ट लिहून घ्या. ते बोलेल, तुम्ही लिहा. दोन-तीन ओळी पुष्कळ झाल्या. पोर बोलेल तेच शब्द लिहा. ते "म्या म्हैस पाह्यली" म्हणाले, तर तसेच लिहा. ते सुधारून पुस्तकी करू नका. घरात वारली बोलत असाल, अहिराणी बोलत असाल, कोकणी बोलत असाल, तर त्या बोलीत लिहा. देवनागरी अक्षरांत हे सारे लिहिता येते. आपले बोलणे जसेच्या तसे कागदावर उतरले, हे पाहून पोराला नवल वाटते. मग शब्दाखाली बोट फिरवीत ते वाचून दाखवा. बोलणे आणि अक्षर यांची गाठ तिथेच पडते.

तुम्ही म्हणाल, "आम्हालाच आत्ता कुठे अक्षर येतंय. आम्ही कसं लिहून घ्यावं?" अहो, म्हणूनच तुम्ही योग्य. तुम्ही सावकाश लिहिता. शब्द तोंडाने म्हणत लिहिता. चुकले तर खोडून पुन्हा लिहिता. भराभरा लिहिणाऱ्या माणसाकडे पाहून पोराला काही कळत नाही. तुमच्याकडे पाहून त्याला कळते की लिहिणे असे करायचे असते आणि मोठी माणसेही शिकत असतात.

तीन. पोराचे पुस्तक करा. लग्नपत्रिकेची कोरी बाजू, गेल्या वर्षाच्या कॅलेंडरची पाठ, पाठकोरे कागद, काहीही चालेल. चार कागद एकावर एक ठेवा. मधोमध घडी घाला. घडीवर सुई-दोऱ्याने दोन-तीन टाके घाला. झाले पुस्तक! वरच्या पानावर पोराचे नाव मोठ्या अक्षरात लिहा. आत एका पानावर चित्र, शेजारी एक ओळ. पाटी सरावाला चांगली, पण पाटीवरचे पुसले जाते. आपण लिहिलेले उद्याही असते आणि दुसऱ्याला वाचता येते, हे पोराला कळायला कागदच हवा. हे पुस्तक दप्तरात कोंबू नका. तुमच्या कागदपत्रांबरोबर जपून ठेवा. संध्याकाळी आजी-आजोबांना वाचून दाखवायला लावा.

चार. लिहिण्याला खरे काम द्या. बाजाराच्या यादीत एक ओळ पोराची असू द्या. गाडग्या-डब्यांवर चिठ्ठ्या लावायच्या, त्या त्याला लावू द्या. पुष्कळ गावांतून दिवाळीच्या सुमारास आई-बाप ऊसतोडीला जातात आणि पोर आजीजवळ राहते. अशा पोराला आईसाठी चिठ्ठी लिहू द्या. रेघोट्या असल्या तरी चालतील. शेजारच्या कोणी खाली अर्थ लिहावा आणि मोबाईलवर फोटो काढून फडात पाठवावा. आईनेही उलट दोन ओळी लिहून धाडाव्या. एका पोराने अशा चिठ्ठीत फक्त एक गोल काढला होता. ती त्याने केलेली भाकरी होती. आईला ते बरोबर समजले.

पाच. तुम्ही स्वतः लिहा आणि ते पोराच्या देखत लिहा. दुधाच्या वहीतली पोर कुठे शिकली? बापाकडे पाहूनच ना?

चुकांचे काय?

वर्गात एका आजीने विचारले, "चुकलेलं तसंच सोडलं, तर पोराला तीच सवय नाही का लागायची?"

प्रश्न रास्त आहे. याचे उत्तर आपल्या घरातच आहे. पोर बोलायला शिकते, तेव्हा भाकरीला "भाकली" म्हणते. आपण त्याला मारतो का? नाही. आपण म्हणतो, "भाकरी पाहिजे? घे." पोर बरोबर शब्द ऐकते आणि काही दिवसांनी स्वतःच "भाकरी" म्हणू लागते.

लिहिण्यातही तसेच करावे. पोराने लिहिले, "मझ गय रनत गल". त्यावर लाल रेघा मारू नका. खाली आपण उत्तर लिहा, "तुझी गाय रानात गेली? मग परत कधी आली?" पोर तुमचे उत्तर वाचते. आपले "गय" आणि तुमचे "गाय" शेजारी-शेजारी दिसतात. फरक त्याच्या ध्यानात येतो. एका वेळी एकच गोष्ट दाखवावी. आज काना, तर आज कानाच. वेलांटी पुढच्या आठवड्यात.

पण एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. बोलणे पोर ऐकून-ऐकून शिकते. अक्षरे मात्र शिकवावी लागतात. म्हणून शाळा हवीच, बाराखडी हवीच, सरावही हवा. सात-आठ वर्षांचे पोर लिहिते झाले, म्हणजे शुद्ध लिहिण्याकडेही लक्ष द्यावे. दुसऱ्याला नीट वाचता यावे, म्हणून शुद्ध लिहायचे, हे त्याला तेव्हा पटते. आमचे म्हणणे एवढेच की, क्रम सोडू नये. आधी "काय लिहिलंस" आणि मग "कसं लिहिलंस".

शाळेतल्या गुरुजींना, अंगणवाडीच्या ताईंनाही भेटा. पोराचे ते शिवलेले पुस्तक त्यांना दाखवा. भांडायला नको. "आमचं पोर असं लिहितं, जरा बघा," एवढेच म्हणा. चांगल्या शिक्षकाला ते पाहून आनंदच होईल.

लेकीच्या हातातही पेन्सिल द्या

पुष्कळ घरी मुलाला वही मिळते आणि मुलीला घागर. तिचे बोलणे कोण ऐकणार आणि कोण लिहून घेणार?

पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींसाठी शाळा काढल्या. तिथे मुक्ता साळवे नावाची मातंग समाजातली मुलगी शिकत होती. चौदा वर्षांची. तिने आपल्या समाजाच्या दुःखाविषयी एक निबंध लिहिला. आपल्या माणसांना कसे वागवतात, त्यांना शिकू का देत नाहीत, आपला धर्म तरी कोणता, असे सवाल तिने त्यात केले. तो निबंध 1855 साली "ज्ञानोदय" या पत्रात छापून आला. त्याला आता पावणेदोनशे वर्षे होत आली. त्या काळचे किती श्रीमंत आणि मानकरी लोक आज कोणाला आठवत नाहीत. मुक्ताचा निबंध मात्र अजून वाचला जातो.

तिला अक्षरे शिकवली, एवढेच तिच्या शाळेने केले नाही. तुला जे सोसावे लागते ते सांगण्याजोगे आहे, लिहिण्याजोगे आहे, हा भरवसा तिला मिळाला. भरवसा नसता, तर नुसत्या बाराखडीने तो निबंध झाला नसता.

आपल्या घरच्या लेकीला, सुनेला, नातीला हाच भरवसा हवा आहे. तिने काय पाहिले, काय सोसले, तिला काय वाटते, हे विचारा. तिला लिहू द्या.

गावाने काय करावे

हे काम एका घरापुरते ठेवू नये. ग्रामपंचायतीच्या किंवा शाळेच्या भिंतीवर एक फळा नाही तर जुने पोते ताणून लावावे. त्यावर दर आठवड्याला गावातल्या पोरांची लिहिलेली आणि काढलेली पाने टाचावी. याला भित्तिपत्रक म्हणतात. वाचता येणाऱ्याने न येणाऱ्याला वाचून दाखवावे. पोराचे पान लागले की त्याचा आजा चार माणसांना हात धरून तिथे नेतो, हे आम्ही पाहिले आहे. ज्या आज्याला वाचता येत नाही, तो मग वर्गात येऊन बसतो, हेही पाहिले आहे.

दसऱ्याला आपल्याकडे पाटीपूजन होते. एकाच्या आकड्यांची सरस्वती काढतात, तिला हळद-कुंकू वाहतात. चांगली रीत आहे. त्या दिवशी पाटीच्या शेजारी पोरांनी केलेली पुस्तकेही मांडावी. पाटीची पूजा करायची आणि पाटीवर लिहिणाऱ्या हाताला छडी द्यायची, हे काही जुळत नाही.

वहीचे पुढे काय झाले

आता दुधाच्या वहीची गोष्ट पुरी करू. ती पोर आता सहा वर्षांची आहे. पहिलीत जाते. अजून तिचे अक्षर ओबडधोबड आहे. "ल" उलटा पडतो. पण लिहायला बस असे तिला कोणी सांगावे लागत नाही.

दादांनी नव्या वर्षाची नवी वही घातली आहे. तिच्यात पहिल्यासारखेच रकाने आहेत. एक वाराचा, एक सकाळच्या दुधाचा, एक संध्याकाळच्या दुधाचा. शेवटी आणखी एक रकाना त्यांनी आखला आहे. त्याच्या डोक्यावर पोरीच्या हातचे अक्षर आहे, "वसर". त्याला काना नाही. दादांनी तो अजून घातलेला नाही. म्हणतात, "घालंल ती. घाई नाही."

तो रकाना रोज पोरगी भरते.